इंजिनाच्या पोटातली पंगत

खानदेशात समुद्र नाही, म्हणून इथे बोटीच्या इंजिनाचा मिस्तरी असूच शकत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी जळगावात उतरून माझं नाव विचारावं. कोणालाही विचारा. तो सांगेल, "नाना मिस्तरी? तो थापाड्या ना? पुढच्या बोळात डावीकडे." पत्ता एकदम बरोबर.

धुळ्याला शिकलो, जळगावला दुकान टाकलं आणि सगळी हयात टू-स्ट्रोक इंजिनांच्या निळ्या धुरात काढली. मागे छातीचा फोटो काढला, तर डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसं ठणठणीत आहेत, फक्त ऑइल बदला." आता दुकान बंद आहे. टू-स्ट्रोक गाड्याच रस्त्यावर उरल्या नाहीत, आणि नव्या गाड्यांचं पोट उघडलं तर आत वायरी निघतात. वायरींशी बोलायला मला जमत नाही. पण माझ्या हातचं एक इंजिन अजून तापीवर चालतंय. आज फक्त त्याचीच गोष्ट सांगतो.

ज्यांचा इंजिनाशी संबंध किल्ली फिरवण्यापुरता आहे, त्यांनी आधी आपल्याकडची लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणावी. एक पंगत जेवते आहे आणि दुसरी तिच्या पाठीशी उभी आहे, जिलबीवर डोळा ठेवून. टू-स्ट्रोक इंजिनाच्या पोटात हेच चालतं. पेट्रोल, ऑइल आणि हवा यांचं मिश्रण आधी पिस्टनच्या खालच्या खोलीत दाटीवाटीनं उभं असतं. पिस्टन खाली आला की ते दाबलं जातं आणि बगलेतल्या वाटांनी वर सिलिंडरमध्ये घुसतं. वर आधीच्या पंगतीचा धूर बसलेला. ही नवी मंडळी त्याला ढकलत एक्झॉस्टच्या दारानं बाहेर काढतात आणि जागा धरतात. ना यजमान, ना वाढपी, सगळी शिस्त ढकलाढकलीची. आमची कारागिरी या दारांच्या आणि वाटांच्या आकारात. बाहेरचं दार लहान ठेवलं तर जेवलेले आतच अडकतात. फार मोठं केलं तर न जेवलेलेही बाहेर पडतात. आणि आत यायच्या वाटेत उंबरठा असला, तर लोक पंगत बसायच्या आधीच एकमेकांवर कोसळतात. हा उंबरठा लक्षात असू द्या. त्यानं माझं पावशेर रक्त आटवलंय.

धुळ्यात असताना एका दूधवाल्यानं मला सांगितलं, "भाऊ, गाडी पळाली पाहिजे." मी त्याच्या मोटारसायकलच्या एक्झॉस्टचं दार कानशीनं घासून वर चढवलं. गाडी अशी पळायला लागली, की कुसुंब्याहून निघालेलं दूध धुळ्यात पोचेपर्यंत कॅनमध्ये लोण्याचा गोळा तरंगायचा. त्यानं मला शिव्याही दिल्या आणि लोणीही दिलं. ही कीर्ती घेऊन मी जळगावला आलो, आणि हीच कीर्ती पुढे मला बुडवायला निघाली.

वैशाखातली दुपार होती. अंगणात राहिलेला पाना फडक्यानं धरून उचलावा लागत होता, इतकं ऊन. दारात एक छोटा टेम्पो थांबला. मागे केळीच्या पानांच्या गादीवर, बाळंतिणीला निजवावं तसं, एक बोटीचं इंजिन निजवलेलं. त्याच्या उशाशी डोक्याला उपरणं गुंडाळलेला, सागाच्या ओंडक्यासारखा म्हातारा बसला होता. हे सुकलालआबा, चोपड्याकडच्या एका घाटावरचे नावाडी.

"नाना तूच का?"

"मीच. आधी चहा, मग आजार."

"चहा नको. नाव रिकामी ऱ्हायनी ते पयस. भरी ते बशी जास. पहिले इलाज सांग."

रिकामी पळते, भरली की बसते. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आबांच्या घाटासमोर, तापीच्या वळणात, पलीकडच्या काठाला केळीच्या बागाच बागा. पुलावरून फिरून यायचं तर रस्ता असा, की केळी बाजारात पोचेपर्यंत त्यांचं शिकरण होतं. म्हणून घड नावेतून अलीकडे येतात, आणि इथे सावद्याचे व्यापारी मदनशेठ यांचे ट्रक उभे असतात. आबांच्या वडलांपासून हा घाट त्यांचा. पण गेल्या पावसाळ्यात पूर असताना आबांची भरलेली नाव धारेत अडली, वाहत जाऊन खाली बाभळीच्या रानात लागली, आणि सगळे घड काळे पडले. तेव्हापासून दिलीपराव नावाचा ठेकेदार मदनशेठच्या मागे लागला होता. त्याच्याकडे मोठी पत्र्याची बोट, कोरं इंजिन आणि त्याहून कोरा गॉगल.

मदनशेठ सरळ माणूस. त्यांनी सांगून टाकलं होतं, "झगडा नको. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले, नदी चढली, की दोघांनी पलीकडून नाव भरून आणायची. जो याच घाटावर लागेल आणि ज्याच्या घडाला डाग नसेल, घाट त्याचा."

"घाट गया ते मी काय करू?" आबा म्हणाले. "माले दुसरं काही येत नही."

हे ते रडून बोलले नाहीत. इंजिनावरची माशी हाकलत बोलले. म्हणूनच ते मला जास्त लागलं.

निघताना त्यांनी एक जादा ब्लॉक माझ्यापुढे ठेवला. ब्लॉक म्हणजे एकावर एक असे दोन सिलिंडर ज्यात असतात तो इंजिनाचा मुख्य ठोकळा. भंगारातून मिळालेला, पण जातीचा तोच. मी म्हटलं, वा, तालमीला पैलवान मिळाला.

आता मी काय केलं असेल ते ओळखा. धुळ्याच्या दूधवाल्याचं लोणी माझ्या जिभेवर अजून होतं. मी त्या जादा ब्लॉकची एक्झॉस्टची दारं वर चढवली, रुंद केली, आरशासारखी चमकवली. घाटावर जाऊन इंजिन नावेला लावलं. रिकामी नाव अशी उडाली, की पाण्यावरच्या टिटव्यांनी बाजूला होऊन नमस्कार केला. काठावरचे लोक ओरडले. मी मिशीला हात लावला. आबा म्हणाले, "थांब, भरू दे." पलीकडून घड भरले, आणि नाव म्हशीसारखी जागच्या जागी बसली. इंजिन किंचाळत होतं, नाव हलत नव्हती. शेवटी वल्ही मारत परत आलो.

चूक उघड होती. मोटारसायकल हलकी, तिला पळ लागते. भरलेल्या नावेला ओढ लागते, आणि ती मंद चालीतच लागते. मी दार मोठं केलं आणि न जेवलेली पंगत बाहेर घालवली. घासून काढलेलं लोखंड परत येत नाही, त्यामुळे तो ब्लॉक संपला. आता आबांचा मूळचा ब्लॉक तेवढा उरला. तो बिघडला असता तर आबा पुराच्या धारेत वल्ह्यावर आणि मी चोपडा तालुक्यातून कायमचा हद्दपार.

म्हणून मी त्याला हातच लावेना. नुसता बघत बसायचो. मागे कोणीतरी त्यात नवं लायनर ठोकलं होतं, म्हणजे सिलिंडरच्या आतली लोखंडी नळी. त्या नळीला खिडक्या असतात आणि ब्लॉकच्या बगलेतल्या वाटा त्या खिडक्यांवर येऊन उघडतात. माझा संशय तिथेच होता. पण आत वळण, अंधार, बोट अर्ध्यावरच अडतं. आत नेमकं काय आहे ते दिसणार कसं?

ते दिसलं आमच्या घरच्या पापडांमुळे.

अंगणात आमची सुमन आणि शेजारच्या कमलअक्का उडदाचं पीठ कुटत होत्या. तेल लावून लावून कुटलेलं पीठ, रबरासारखं. अक्कांनी एक गोळा मुठीत दाबून परातीत टाकला. त्यावर त्यांच्या बोटांच्या रेषा तर उमटल्याच, बांगडीवरची नक्षीसुद्धा उमटली. मी गोळा उचलला.

"अहो, लाटी खायची तर मागून खा," सुमन म्हणाली.

"मला नको. इंजिनाला चारतो."

"जावयाला नाही मिळाला अजून, आणि इंजिनाला?" कमलअक्का म्हणाल्या. "सुमन, तुझ्या नवऱ्याला ऊन लागलंय. कांदा बांध डोक्याला."

मी गोळा बगलेच्या वाटेत दाबून भरला, जरा थांबलो आणि हळूच ओढला. तेलामुळे तो सापासारखा सळसळत बाहेर आला. आणि त्या पिठाच्या जिभेवर, मधोमध, चक्क पायरी! ब्लॉकची वाट एकीकडे, लायनरची खिडकी दुसरीकडे, आणि मध्ये उभा उंबरठा. वरच्या सिलिंडरचं पीठ बऱ्यापैकी गुळगुळीत आलं, खालच्याचं पायरीदार. म्हणजे या इंजिनातला एक सिलिंडर इतकी वर्षं अर्धपोटी राबत होता आणि दुसरा त्याला पाठीवर घेऊन तापी पार करत होता. मी अंगणात अशी उडी मारली, की कमलअक्कांची लाटणी घरंगळली.

आजार कळला, पण इलाज जिवावरचा. ती वाट आडवी वळते, सरळ हत्यार आत जात नाही. दातांच्या एका डॉक्टरांनी मोडीत काढलेलं, मान वाकडी असलेलं यंत्र मी कधीचं जपून ठेवलं होतं. ते बाहेर काढलं. इंजिनाचा जबडा उघडा, आत माझं यंत्र घूं घूं करतंय, आणि मी इंजिनाला सांगतोय, "आ कर, दुखणार नाही." हसू नका. त्या वाटेच्या एका अंगाला जेमतेम जाड भिंत असते आणि भिंतीपलीकडे इंजिन थंड ठेवणारं पाणी खेळतं. हात केसभर जास्त गेला तर ब्लॉकला भोक, आणि गोष्ट तिथेच संपली. मी जरा घासायचो, पीठ भरून ठसा काढायचो, बघायचो, पुन्हा जरा घासायचो. दोन्ही सिलिंडरांचे ठसे जुळ्या भावांसारखे दिसेपर्यंत हे चाललं. बाहेरच्या दाराला मी बोटही लावलं नाही.

त्या वर्षी आमच्याकडे पापड कमी पडले. ठसे उन्हात वाळले आणि कोणाच्या तरी हातून डब्यात गेले. पुढे एक पाहुणा विचारत होता, "वहिनी, हा पापड जिभेसारखा का?" सुमन म्हणाली, "यांना विचारा. जीभ यांचाच विषय."

श्रावणाच्या तोंडावर वरच्या धरणाचे दरवाजे उघडल्याची खबर आली. मी बरं केलेलं इंजिन घेऊन घाटावर पोचलो तेव्हा तापी चहाच्या रंगाची झाली होती आणि मधल्या धारेत अख्खी झाडं वाहत होती. दिलीपराव गॉगल पुसत उभा. मदनशेठ ट्रकच्या सावलीत खुर्ची टाकून बसलेले. इंजिन नावेला लावून झालं, तसं आबांनी नावेच्या नाकाला पाणी लावलं, हात जोडले आणि माझ्याकडे बघितलं.

"बस."

"मी? आबा, मला पोहता येत नाही."

"काम तुनं शे ना? मंग बस."

बसलो. आबांनी दोरी ओढली, आणि इंजिन एका ओढीत लागलं. आवाज ऐकून आबांचा हातच थबकला. पूर्वीची ती फट्… फट्… फटाफट फट् गेली होती. आता नुसता एकसुरी घुमारा होता, मांजर मांडीवर बसावं तसा. नाव धार कापत सरळ निघाली. मी देवाचं नाव घेत होतो आणि मध्येच स्वतःचंही.

पलीकडे लागलो, तर काठ रिकामा. एक माणूस नाही, एक घड नाही.

ही त्या काठाची रीत समजून घ्या. कापलेला घड उन्हात ठेवत नाहीत. तो बागेतल्या सावलीत, पानांखाली असतो. नावेचा आवाज आला की डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घड, आणि सगळे काठाकडे निघतात. फोन सगळ्यांकडे आहेत. पण फोनवर "निघालोच" म्हणणारा नावाडी अलीकडे चहा पीत असतो, हे सगळ्यांना ठाऊक. आवाज खोटं बोलत नाही. ते आबांच्या इंजिनाची फटफट ऐकूनच उठत. आणि आज ती फटफट आलीच नव्हती. कोणीतरी सरकारी बोट पूर बघायला आली असेल, असं म्हणून बागेत सगळे निवांत बसले होते. तेवढ्यात दिलीपरावही जरा खाली येऊन लागला, आणि त्यानं सोबत आणलेल्या मजुरांनी तिथल्या बागेतून घड आणून त्याची बोट भराभर भरायला घेतली.

आबांनी हाका मारल्या. पुराच्या गर्जनेत हाक गिळली गेली. मग ते माझ्याकडे वळले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज कापला.

"नाना, हाऊ आवाज मना नही शे. लोके कशी येतीन?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लोक ज्याला आबांचा आवाज म्हणत होते, तो खालच्या सिलिंडरचा आजार होता! एक सिलिंडर धड, एक अर्धपोटी, म्हणून ती लंगडी फटफट. मी इंजिनाचं झाकण उघडलं, हाताला आबांचं उपरणं गुंडाळलं, खालच्या सिलिंडरच्या प्लगची टोपी उपसली आणि वायरचं टोक इंजिनाच्या अंगाला टेकवून धरलं. उपरणं ओलं होतं. मला जो झटका बसला, त्यानं माझी गेल्या जन्मीची पापंही जळाली. पण टोपी सोडली नाही. खालचा सिलिंडर झोपला आणि इंजिन लंगडायला लागलं. फट्… फट्… फटाफट फट्.

केळीची पानं हलली. एक चुंबळ दिसली, मग दुसरी, मग बागच चालत आल्यासारखी घडांची रांग बाहेर आली. पुढे एक आजी होत्या. त्या लांबूनच कडाडल्या, "सुकलाल, कवयना आवाजनी वाट दखत व्हतूत! झोपना व्हता का?"

आबांनी हसत मान हलवली.

नाव भरली. घडाखाली पानं, घडावर पानं, दोन घडांमध्ये पानं. आबा पिढ्यान्‌पिढ्या असंच भरत आलेले. दिलीपराव तोवर निघूनही गेला होता. मी प्लगची टोपी परत बसवली. घुमारा सुरू झाला, आणि नाव भरल्या पोटानं पाण्यात खोल बसून निघाली.

मधल्या धारेत दोन्ही नावा दिसायला लागल्या. दिलीपरावची पुढे होती. पाणी आडवं आलं की तो इंजिन किंचाळवायचा, बोट उसळायची, आपटायची. घड नुसते रचलेले, प्रत्येक उसळीला एकमेकांवर घसटत होते. तरी धार तिला खाली खाली नेतच होती. गेल्या वर्षी आबांची नाव जिथे अडली होती, ती जागा आली. पाण्यानं खालून धक्का दिला. आबांनी सुकाणू वळवलं, हातातली मूठ अलगद फिरवली. मी डोळे मिटले. इंजिनानं ओरडाआरडा केला नाही, दमही टाकला नाही. फक्त आवाज जरा खोल गेला, बैल मान खाली घालून गाडा ओढतो तसा. डोळे उघडले तेव्हा धार मागे पडली होती.

"आबा, निघालो!"

"वरडू नको, केळीले डाग पडी जाई."

आम्ही घाटावर अशा जागी लागलो, की मदनशेठना खुर्चीवरून उठावंही लागलं नाही. दिलीपरावची बोट बरीच खाली, त्याच बाभळीच्या रानात लागली. तिथून घड डोक्यावर आणेपर्यंत ते आणखी घासले. मदनशेठनी दोन्हींकडचे घड आडवे करून, फणी फणी फिरवून बघितले. दिलीपरावच्या केळ्यांवर काळसर पट्टे उमटायला लागले होते. आमच्या घडावर त्यांनी अंगठा फिरवला आणि केळ सोलून खाल्लं. कच्चं होतं, तरी खाल्लं!

"आबा," ते म्हणाले, "घाट तुमचाच. पण ते मांजर कोणतं बसवलंय इंजिनात?"

मी पुढे होऊन सगळं सांगितलं. पंगत, उंबरठा, पापड, सगळं. ट्रक भरून निघून गेले तरी मी सांगतच होतो.

त्या दिवाळीच्या आधी माझ्या दुकानासमोर एक जीप थांबली. मागे एक कोरं इंजिन. दिलीपराव उतरला. गॉगल खिशात होता.

"नाना, जरा आतून बघता का?"

"बघतो की. पीठ कुटायला वहिनींना पाठवा."

आबाही आले, पण त्यांची मागणी अजब. म्हणाले, इंजिन झकास आहे, पण लोकांना बोलवायला रोज नदीच्या मध्यावर टोपी उपसायची आणि रोज झटका खायचा, हे काही जमत नाही. मी त्यांना एक बटण बसवून दिलं. दाबून धरलं की खालचा सिलिंडर गप्प. सोडलं की जागा. आयुष्यभर इंजिनं बरी केली, आणि आजारी पडण्याचं बटण फक्त या एकाला लावलं.

दुकान बंद केल्यावर एकदा सहज घाटावर गेलो, नुसता प्रवासी म्हणून. अर्ध्या नदीत आबांनी माझ्याकडे बघत बटण दाबलं. फट्… फट्… फटाफट फट्. पलीकडे चुंबळी हलल्या. त्याच आजी घड उतरवताना शेजारणीला म्हणाल्या, "आज आबानं इंजिन बेस चाली ऱ्हायनं."

झकास चालतंय म्हणे! मी तोंड उघडलं. आबांनी भुवई वर केली. मी मिटलं.

मग नाव भरली, आबांनी बटणावरचा अंगठा उचलला, आणि ती कोणाला कळू न देता धारेत शिरली.